‘मदरबोर्ड गेला’ हे निदान नव्हे

संपादक महोदय,

वर्षाची वॉरंटी संपून महिना होत नाही तोच लॅपटॉप बंद पडतो. सर्व्हिस सेंटर ‘मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) गेला’ म्हणते आणि घसघशीत रकमेचे कोटेशन हातात ठेवते. तिथे बोर्डवरचा सुटा भाग सहसा दुरुस्त करत नाहीत, अख्खा बोर्ड बदलतात. त्यामुळे बिघडले काय, हे कोटेशनवरून कळतच नाही.

आधी वॉरंटीची तारीखच तपासावी. माल दुकानात काही महिने पडून असेल, तर कंपनीच्या नोंदीत वॉरंटी खरेदीच्या आधीच सुरू झालेली असू शकते. बिल पाठवून ती दुरुस्त करून घ्यावी.

मग घरच्या घरी करायच्या गोष्टी. चार्जर, पेनड्राइव्ह, माउस सगळे काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरावे आणि फक्त चार्जर लावून चालू करून पाहावे. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर लावू नये, दाबू नये, टोचू तर नयेच. गोल पिनच्या चार्जरवर मल्टिमीटरने साधारण १९ ते २० व्होल्ट दिसावेत. टाइप-सी चार्जर लॅपटॉपशी ‘बोलणे’ झाल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जातच नाही, त्यामुळे त्याला मीटर लावून तो खराब ठरवू नये.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी? एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावे. टीव्हीवर चित्र आले तर दोष बहुधा स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. तिथेही अंधार असेल, तर चार्जर आणि बॅटरीचा कनेक्टर काढून रॅम (मेमरीची पट्टी) बाहेर घ्यावी, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसून पुन्हा बसवावी. दोन असतील तर एकेक लावून पाहावी.

लॅपटॉपला लावताच चार्जरचाच दिवा विझत असेल, तर बहुधा आत शॉर्ट सर्किट आहे. पुष्कळदा दोषी असतो तांदळाच्या दाण्याहूनही लहान कपॅसिटर नावाचा भाग, किंमत काही रुपये. चिप लेव्हलचा, म्हणजे बोर्डवरचे सुटे भाग दुरुस्त करणारा, जाणकार कारागीर बोर्डला बाहेरून कमी व्होल्टेज देतो, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतो. जिथे ते सगळ्यात आधी सुकते, तिथे शॉर्ट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असे हात मिळतात, पण हीट गनने चिप शेकून ‘चालू करून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. ती दुरुस्ती बहुधा काही आठवड्यांची सोबती असते.

लॅपटॉप कुणाच्याही हाती देण्याआधी डेटा. एम-डॉट-टू एसएसडी (डेटा साठवणारी छोटी पट्टी) काढून यूएसबी केसमध्ये घालता येते. मात्र केस एनव्हीएमई प्रकारची की साटा, हे एसएसडी पाहूनच घ्यावे. विंडोज ११ मध्ये डेटा कुलूपबंद करणारा बिटलॉकर अनेकदा आपोआप चालू असतो. मग दुसऱ्या संगणकावर किंवा बोर्ड बदलल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते, आजच पाहून ठेवावी. काही मॉडेलमध्ये स्टोरेज बोर्डलाच जोडलेले असते. तिथे बोर्ड बदलला की डेटाही गेला.

वॉरंटी संपली म्हणून दाद मागता येत नाही, हा गैरसमज आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करावा. उत्पादनातील दोष मात्र ग्राहकालाच सिद्ध करावा लागतो. वॉरंटीत असताना हाच बिघाड नोंदवलेली जॉबशीट (सर्व्हिस सेंटरची तक्रार-नोंदीची पावती) हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा. म्हणून जॉबशीटवर नुसते ‘नो पॉवर’ लिहून घेऊ नये. कोणता भाग, कशामुळे गेला हे लिहून मागावे आणि पैसे भरून बोर्ड बदललाच, तर जुना बोर्ड परत मिळेल का, हे आधीच विचारावे.

– एक लॅपटॉप दुरुस्ती तंत्रज्ञ, पुणे