दासींची कैफियत होमरमध्येच आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्रीक पुराणकथा स्त्रियांच्या बाजूने नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्यांची चर्चा निघाली की, आजचे विचार जुन्या काव्यावर लादले जात असल्याचा आक्षेप हमखास ऐकू येतो. आक्षेप घेणाऱ्यांनी मूळ काव्ये, निदान भाषांतरातून तरी, पुन्हा वाचावीत.

ट्रॉयच्या युद्धावरील होमरच्या ‘इलियड’मधील ब्रिसेइस ही ग्रीक योद्धा अकिलीस याला लुटीच्या वाटणीत मिळालेली स्त्री. तिच्यावरूनच त्याचे आणि ग्रीकांचा सेनापती अगमेम्नॉन याचे बिनसते. पण ती स्वतः बोलते ती थेट एकोणिसाव्या सर्गात, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेताजवळ, आणि तेही जेमतेम चौदा ओळी. नवरा आणि तीन सख्खे भाऊ मारले गेल्याचे ती सांगते, आणि अकिलीसशीच, म्हणजे नवऱ्याला मारणाऱ्याशीच, तुझे रीतसर लग्न लावून देईन असे म्हणून पॅट्रोक्लस आपले सांत्वन करीत असे, हेही सांगते. पुढची ओळ होमरची आहे : भोवतालच्या बायका रडल्या, निमित्त पॅट्रोक्लसचे, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. जात्यावर सीतेचा वनवास गाताना डोळे पुसणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही. पॅट बार्कर यांनी २०१८ च्या कादंबरीत याच ब्रिसेइसला निवेदक केले.

होमरच्याच ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गात, घरी परतलेला ओडिसियस आपल्या पत्नीला, पेनेलोपीला, मागणी घालणाऱ्यांना ठार करतो, तेव्हा त्यांच्याशी संबंध ठेवल्याबद्दल पन्नासांपैकी बारा दासींना आधी त्याच पुरुषांची प्रेते उचलायला व रक्त धुवायला लावले जाते. ओडिसियसने त्यांना तलवारीने मारायला सांगितले होते. त्याचा मुलगा टेलेमाकस मात्र त्यांना फासावर लटकवतो. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही, अशी नोंद कवी करतो. मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी ‘पेनेलोपियाड’मध्ये (२००५) या बारा जणींना समूहगान दिले. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते एमिली विल्सन यांचे २०१७ चे इंग्रजी भाषांतर. फाशी देण्यापूर्वी टेलेमाकस या दासींविषयी बोलतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये नुसते स्त्रीलिंगी सर्वनाम असताना काही नामांकित भाषांतरकारांनी त्याच्या तोंडी ‘वेश्या’ या अर्थाची शिवी घातली होती. विल्सन यांनी ती काढून टाकली. म्हणजे लादणे झाले होते खरे, पण ते कुणी केले होते?

माझी तक्रार निराळीच आहे. सर्सीसारख्या देवता आणि पेनेलोपीसारख्या राण्या यांच्यावर नव्या लेखनाचा जीव अधिक जडतो. त्या बारा जणी गेल्यावर उरलेल्या दासी हातात मशाली घेऊन येतात, ओडिसियसला मिठी मारतात, त्याच्या मस्तकाची, खांद्यांची, हातांची चुंबने घेतात, आणि त्याला रडू येते. त्या अडतीस जणींच्या मनात तेव्हा काय होते, ते मला वाचायचे आहे.

आपला,
एक वाचक