जुना लष्करी ट्रक घेण्याआधी कागद तपासा, मग चासी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पूर-वादळाच्या वेळी हाताशी असावा म्हणून लष्कराने बाद केलेला, चारही चाकांनी ओढणारा एखादा ट्रक वर्गणी काढून घ्यावा, असा विचार आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक गावांच्या मंडळांमध्ये बोलून दाखवला जातो. सड्यावरच्या कलमांच्या बागांत पाणी आणि खत पोचवायला, चिरेखाणीतून माल वर काढायला किंवा मे महिन्याच्या शेवटी होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायला असा ट्रक मिळाला तर बरे, असे बागायतदार आणि मच्छीमार तर त्याआधीपासून म्हणत आले आहेत. मी लष्कराच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) दलात वाहनदुरुस्तीचे काम केले असून निवृत्तीनंतर राजापूर तालुक्यात गॅरेज चालवतो. अशा ट्रकाचा बेत मला चुकीचा वाटत नाही. मात्र पहिल्यांदाच घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकून भाव ठरवतो, आणि पुढे तो ट्रक अडतो तो बहुतेक वेळा कागदांपाशी किंवा गंजापाशी. गंजाचे आपले आपण पाहू शकतो. कागदांच्या बाबतीत मात्र सरकारी यंत्रणेने खरेदीदाराला आजच्यापेक्षा बरेच स्पष्ट सांगायला हवे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी कागदांचे. सैन्याच्या सेवेत असलेल्या वाहनाची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराकडेच असते, त्यामुळे आरटीओच्या दप्तरात त्या ट्रकाचा मागमूस नसतो. त्याच्या पाटीवर उभा बाण, त्यानंतर खरेदीचे वर्ष दाखवणारे दोन अंक आणि पुढे अक्षरे व क्रमांक असतात. वाहन केंद्र सरकारच्या मालकीतून बाहेर पडले की त्याच कलमानुसार त्याला कलम ३९ आणि ४० लागू होतात, म्हणजे इतर कुठल्याही गाडीप्रमाणे त्याची नागरी नोंदणी करावी लागते, आणि ती होईपर्यंत तो सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. या नोंदणीचा पाया म्हणजे फॉर्म २१, अर्थात विक्रीचा दाखला. नव्या गाडीसाठी तो विक्रेता देतो, लष्करी लिलावातल्या गाडीसाठी संरक्षण खात्याचा अधिकारी देतो. नोंदणीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म २० मध्येही, वाहन नवे आहे, लष्करातून आलेले आहे की आयात केलेले आहे, असा वेगळा रकाना आहे. याचा अर्थ कायद्याने ही वाट मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती कुणी चोरवाट समजण्याचे कारण नाही.

अडचण येते ती मधल्या हातांमुळे. सरकारी भंगार आणि बाद वाहनांचे लिलाव आता मुख्यतः एमएसटीसी या १९६४ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. तिथे बोलीदार म्हणून नाव नोंदवणे, बयाणा भरणे, ठरलेल्या मुदतीत माल उचलणे आणि न उचलल्यास जागेचे भाडे सोसणे हे सगळे आले. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर विकला जातो, म्हणून नंतर तक्रारीला जागा उरत नाही. शिवाय गाड्या अनेकदा एकेक न विकता गटाने विकल्या जातात, त्यामुळे कोकणातला सामान्य खरेदीदार तिथे क्वचितच पोचतो. तो घेतो व्यापाऱ्याकडून, आणि व्यापाऱ्याने तो आणखी कुणाकडून तरी घेतलेला असतो. फॉर्म २१ निघतो तो लिलाव जिंकणाऱ्याच्या नावाने. त्याने स्वतःच्या नावावर नोंदणी न करता ट्रक पुढे सरकवला असेल, तर तिसऱ्या-चौथ्या हाताला तो ट्रक नावावर करून घेणे अतिशय जिकिरीचे होते. मूळ दाखला, लिलावाचे सुटकेचे पत्र आणि डेपोतून बाहेर पडतानाचा गेटपास यांपैकी एकही कागद ‘नंतर देतो’ असे कोणी म्हणाला, तर बयाणाही देऊ नये.

दाखल्यावरचे चासीचे आणि इंजिनाचे क्रमांक प्रत्यक्ष धातूवर ठोकलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. लष्कराच्या बेस वर्कशॉपमध्ये इंजिने संपूर्ण उघडून नव्यासारखी केली जातात आणि एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवले जाणे ही तिथली नेहमीची पद्धत आहे. त्यामुळे डॅशबोर्डावरच्या जुन्या पट्टीवर एक क्रमांक आणि इंजिनावर दुसरा, असे दिसले तर त्यात संशयास्पद काही नाही. दाखल्यावर मात्र सध्या बसलेल्या इंजिनाचाच क्रमांक असला पाहिजे.

याहून मोठा प्रश्न वयाचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या १६ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून थांबले आणि अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडीत काढायची आहेत. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष कामगिरीवर वापरली जाणारी चिलखती आणि इतर विशेष वाहने यातून वगळलेली आहेत. लिलावातली गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी विकली जात आहे की केवळ भंगारासाठी, हा प्रश्न आता प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे, कारण भंगार म्हणून विकलेल्या ट्रकाला फॉर्म २१ मिळेल या आशेवर पैसे गुंतवणे म्हणजे बुडवणेच आहे. ज्यांची नागरी नोंदणी पूर्वीच झाली आहे असे जुने ट्रक बाजारात आहेत आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला माझ्या मते तेच बरे. त्यांची योग्यता तपासणी आणि विमा चालू आहे ना, एवढे पाहावे. मात्र १५ वर्षांवरील जड वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे, हे हिशेबात धरावे. मंडळाच्या नावाने ट्रक घ्यायचा असेल तर मंडळ आधी रीतसर नोंदलेले हवे, नाहीतर नाव एका कार्यकर्त्याचे लागते आणि अपघात झाल्यास जबाबदारीही त्याच्याच घरी येते.

रंगाचेही सांगून टाकतो, कारण तरुण मुलांचा हट्ट तिथेच असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. ट्रक पासिंगला नेण्याआधी तो बदलावा लागतो.

आता कोणता ट्रक घ्यावा. जबलपूरला जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर तयार होणारा शक्तिमान १९५९ च्या सुमारास सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. तो दणकट आणि साधा आहे, कुठल्याही हुशार फिटरला कळण्यासारखा आहे. पण त्याचे सुटे भाग आता पश्चिम बंगालमधले पानागढ, दिल्लीचे मायापुरी किंवा कुर्ल्याचा भंगार बाजार अशा ठिकाणी शोधावे लागतात. निसानचा एक टनी ट्रक आणि जोंगा ही जीपसारखी लष्करी गाडी यांत सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन येते, ते आजच्या पेट्रोलच्या भावात पोसणे सोपे नाही. अशोक लेलँडचा स्टॅलियन किंवा टाटाचा एलपीटीए मिळाला, तर या कंपन्यांच्या नागरी ट्रकांशी जुळणारे काही भाग चिपळूण-कोल्हापुरातच सापडतात. मी विचारणाऱ्याला हेच दोन सुचवतो, मन मात्र शक्तिमानवर असते हे कबूल आहे.

पाहणीला जाताना हातोडी आणि विजेरी न्यावी. रंग ताजा असेल तर जास्त सावध व्हावे. चासीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचे सांधे, केबिनचा तळ, दारांच्या खालच्या कडा, कमानींचे पाटे आणि त्यांच्यामध्ये साठलेली माती, हौद्याच्या फळ्यांखालचे पत्रे या जागा ठोकून पाहाव्यात. खणखणीत आवाजाऐवजी दबलेला आवाज आला तर तिथे पत्रा उरलेला नाही. राजस्थानात किंवा मध्य प्रदेशात उभा असलेला ट्रक या बाबतीत किनाऱ्यावर वर्षभर उभ्या राहिलेल्या ट्रकापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला असतो, मग त्याचे टायर कितीही फाटके असोत. टायरच्या बाजूवर शेवटचे चार अंक कोणत्या आठवड्यात आणि वर्षी तो बनला ते सांगतात. न वापरलेला पण जुना टायर नक्षी शाबूत असूनही घाटात फुटतो.

बराच काळ उभ्या असलेल्या ट्रकाला लगेच स्टार्टर मारण्याचा मोह आवरावा. आधी इंजिन हाताने फिरवून पाहावे, टाकीतला गाळ आणि जुने डिझेल काढावे, फिल्टर बदलून पंपातली हवा काढावी आणि इंजिन ऑइल नवे भरावे. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर खराब होते, म्हणून ते घेतल्याघेतल्या बदलावे. हवेच्या ब्रेकच्या टाकीतले पाणी तर रोज सोडावे. विजेचे काम २४ व्होल्टचे, म्हणजे दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेले असते. कोणी १२ व्होल्टचे दिवे किंवा भोंगा बसवून ठेवलेला असेल तर मूळ वायरिंगशी कुठेतरी खेळ झालेला आहे असे समजावे. रिंग आणि लॉक असलेल्या चाकात हवा भरताना माणसाने समोर कधीही उभे राहू नये. चाकाला साखळी गुंडाळून किंवा पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी, कारण सुटलेली रिंग जीव घेते. पंक्चर काढणारा पोरगा लहान असेल तर हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पुढच्या चाकांची ओढ कधी लावायची, हे ड्रायव्हरला शिकवावे लागते. या ट्रकांपैकी बहुतेकांत पुढची ओढ हवी तेव्हाच जोडायची असते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. चिखलात किंवा वाळूत घसरून हा फरक भरून निघतो, पण कोरड्या डांबरावर तो सगळा ताण ट्रान्सफर केस (ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि क्राऊन-पिनियनवर (अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांवर) येतो. आंबा किंवा फोंडा घाट पुढची ओढ लावून चढणारे चालक मी पाहिले आहेत. असा ट्रक काही महिन्यांत दुरुस्तीला येतो आणि भाग मिळवण्यातच हंगाम निघून जातो.

किनाऱ्यावरच्या देखभालीचे खरे काम पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना असते. मे महिन्यात चासी गोड्या पाण्याने खालून धुऊन, पूर्ण वाळवून, सैल गंज तारेच्या ब्रशने काढून त्यावर प्रायमर आणि रंग द्यावा, पोकळ भागांत गंजरोधक मेण किंवा स्वच्छ तेल फवारावे आणि सगळ्या ग्रीस निपलांना ग्रीस द्यावे. जळालेले इंजिन ऑइल खालून फासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने रबरी नळ्या आणि बुश फुगतात, आणि पहिल्याच पावसात ते धुऊन विहिरीपर्यंत जाते, म्हणून मी ते करत नाही. होडी ओढायला ट्रक खाऱ्या पाण्यात उतरला असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा. उद्यावर टाकल्यास ब्रेकचे पत्रे आणि हबचे बेअरिंग धरतात. पाण्यातून गेल्यावर डिफरन्शिअलचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे आणि ते बदलण्याला पर्याय नाही.

यावरून पुराच्या कामाबद्दल एक स्पष्ट मत मांडतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले तेव्हा जे करायचे होते ते होड्यांचे काम होते. वाहत्या पाण्यात उंच ट्रकही तरंगू लागतो, खालचा रस्ता राहिला आहे की वाहून गेला हे दिसत नाही, आणि इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतात. ट्रकाचा खरा उपयोग पाणी चढण्याआधी म्हातारीकोतारी आणि जनावरे वर नेण्यासाठी आणि पाणी उतरल्यावर चिखलातून पाणी, धान्य, औषधे पोचवण्यासाठी आहे. शिवाय आपल्या वाड्यांना जोडणारे कितीतरी साकव, म्हणजे ओढ्यावरचे छोटे पूल, अशा वजनासाठी बांधलेलेच नाहीत, त्यामुळे ट्रक कुठून जाऊ शकतो याचा नकाशा पावसाआधी तयार हवा. चालकाकडे जड वाहनाचा परवाना हवा आणि शक्तिमानसारख्या जुन्या ट्रकावर डबल क्लचची, म्हणजे गिअर बदलताना दोनदा क्लच दाबण्याची, सवयही.

माझी मागणी मोठी नाही. लिलावाच्या यादीत प्रत्येक वाहनापुढे उत्पादनाचे वर्ष, ते चालवण्यासाठी आहे की भंगारासाठी, आणि फॉर्म २१ मिळणार आहे का, या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. बोली लावण्याआधी त्या विचाराव्या लागू नयेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पेण येथील परिवहन कार्यालयांनी लष्करी वाहनाच्या नोंदणीला लागणारे कागद, शुल्क आणि तपासणीचा क्रम मराठीत एका पानावर छापून दर्शनी भागात लावावा. आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत, ज्या मंडळांकडे किंवा बागायतदारांकडे असे नोंदणीकृत ट्रक आहेत त्यांची नावे, चालकांचे परवाने आणि साकवांच्या क्षमतेची यादी एकत्र करून तालुक्याला पाठवावी.

आपला,
एक निवृत्त ईएमई तंत्रज्ञ,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी