उंदीर सापडला

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

सहा महिने माझं पत्र नाही, फोन नाही. त्याबद्दलच्या शिव्या पुढच्या भेटीत घाल. आम्ही ठीक. आईचा गुडघा तसाच.

परवा वहिनींनी तुझ्या झोपेची क्लिप पाठवली. त्यांच्यावर डाफरू नकोस. आधी हसूच आलं. राजगडावर पद्मावतीच्या देवळात उंदीर कुरतडतोय म्हणून मन्या रात्रभर काठी घेऊन बसला होता ना, तो उंदीर सापडला: झोपेत करकर दात खाणारा तूच. 'दात खातोय, जंत झालेत' म्हणून काकूंनी पाजलेलं वावडिंग मात्र फुकट गेलं. जंतांमुळे दात खातात याला ठोस पुरावा नाही.

फोनवर तू मध्येच तोडतोस, म्हणून लिहितोय. गुरुवारी तू दात 'लेव्हल' करून घ्यायला जाणार आहेस म्हणे. घरचा दातवाला असून मला विचारलंही नाहीस! जाऊ नकोस. बत्तीशी नीट जुळत नाही म्हणून हे होत नाही. हलक्या झोपेत मेंदू काही सेकंद अर्धवट जागा होतो, ठोके वाढतात, मग जबड्याचे स्नायू आवळतात, शेवटी करकर. दात कानसून सपाट केले म्हणून ती थांबत नाही, आणि गेलेलं इनॅमल, दातांचं वरचं कडक आवरण, परत येत नाही.

दात वाचवायला कडक ॲक्रिलिकचा स्प्लिंट असतो. वरच्या सगळ्या दातांवर बसणारा, माप घेऊन केलेला, दाढांमध्ये दोन-तीन मिलिमीटर जाड. बसवताना रंगीत कागद चावायला देतात. दोन्ही बाजूंच्या दाढांचे ठसे सारखे उमटले नाहीत तर तिथेच बसून राहा, दुरुस्त करून घे. गरम पाण्यात मऊ करून चावायचा ऑनलाइनवाला मागवू नकोस. काहीजण तो रात्रभर च्युइंगमसारखा चघळतात आणि सकाळी जबडा जास्तच धरतो. फक्त पुढच्या दातांचा तर नकोच. टेकायला काही नसलं की दाढा हळूहळू सरकतात आणि पुढचे दात मिटेनासे होतात. धुवायचा गार पाण्याने, मऊ ब्रशने, पेस्ट न लावता. तुझी सगळं उकळून घ्यायची खोड इथे चालणार नाही, वाकडा होईल. त्यावर चरे पडले तर बोंबलू नकोस, ते दातांवर पडायचे होते.

पण स्प्लिंटची घाई नको, कारण खरी धास्ती वेगळीच आहे. क्लिपमध्ये घोरणं मध्येच थांबतं. घड्याळ लावून मोजलं, १४ सेकंद. मग आचका, श्वास, आणि लगेच करकर. पुढे पुन्हा तेच. मोठ्या माणसाचा श्वास झोपेत १० सेकंद थांबला तरी तो हिशेबात धरतात. त्यात तुझी बीपीची गोळी, उठल्यावर ठणकणारी कानशिलं, मीटिंगमधल्या डुलक्या. आधी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतल्या श्वासाची तपासणी, कर. बोटाला आणि नाकाशी लावून घरीच झोपायचं यंत्रही मिळतं. श्वास अडत असेल तर वरच्या स्प्लिंटने काहींचं अडणं वाढतं. तसं निघालंच तर खालचा जबडा पुढे धरणारं वेगळं उपकरण असतं, झोपेच्या डॉक्टरांना विचारून ते बघू. (हॉस्टेलवर मी घोरतो म्हणून खोली बदलून घेतली होतीस. विसरलेलो नाही.)

तोवर दिवसा ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ 'न' म्हणताना टेकते तिथे. वहिनींची एक टिकली कॉम्प्युटरच्या कडेला लाव. दिसली की दात सुटे आहेत का बघायचं. झोपताना दोन्ही गालांना १० मिनिटं कोमट शेक. सुपारी बंद. पाचनंतर चहा नाही, आणि शनिवारचे दोन पेगही नाहीत, त्या रात्री करकर वाढते. गेल्या वर्षी सुरू झालेल्या सर्ट्रालिन या डिप्रेशन-चिंतेवरच्या गोळीनेही ती वाढू शकते. पण मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना सांग.

चिन्मयच्या ॲडमिशनचं काय झालं? फ्लॅटची गळती थांबली का? मन्याला उंदराचं अजून सांगितलेलं नाही, तूच सांग.

गुरुवारची अपॉइंटमेंट रद्द केलीस की मेसेज टाक. बुधवारपर्यंत आला नाही तर वहिनींना फोन करीन.

तुझा,
नाना