गम वाईट नसतो, डोस कमी पडतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिगरेट सोडायचा विषय निघाला की "ते निकोटीनचं च्युइंगम काही कामाचं नाही, मी खाऊन बघितलंय" हे हमखास ऐकायला मिळतं. मी सांगलीत मेडिकल चालवतो, फार्मासिस्ट आहे, त्यामुळे काउंटरपलीकडून हे जरा जास्तच ऐकतो आणि दरवेळी जीव तुटतो, कारण तंबाखूतल्या ज्या निकोटीनची शरीराला सवय लागते, तेच सिगरेटऐवजी थोडं थोडं पुरवायचं हे या गमचं काम, आणि बहुतेकांना गम लागू पडत नाही असं नसतं, त्यांना तो पुरलेलाच नसतो. कुणी विचारलेलंच नसतं की बाबा रे तू ओढतोस किती आणि कसा.

साधा हिशोब बघा. एका सिगरेटच्या तंबाखूत १० ते १४ मिलिग्रॅम निकोटीन असतं पण ओढणाऱ्याच्या रक्तात त्यातलं १ ते दीड मिलिग्रॅमच जातं, बाकीचं जळून आणि धुरात उडून जातं. म्हणजे रोज १५ ओढणाऱ्याच्या अंगात दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन जातंय. हा माणूस एक दिवस मनावर घेतो, दुकानात येतो, त्याला २ एमजीच्या (म्हणजे मिलिग्रॅमच्या) गमची स्ट्रिप मिळते आणि तो दिवसभरात तीन-चार गम चघळतो. आता २ एमजीच्या गममधून शरीराला मिळतं साधारण निम्मंच, म्हणजे सगळे मिळून जेमतेम चार मिलिग्रॅम. वर्षानुवर्षं पंधरा-वीसची सवय असलेल्या शरीराला चारावर भागवायला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत डोकं भणभणणार, घरच्यांवर चिडचिड होणार आणि पाय टपरीकडे वळणारच. मग सगळे म्हणणार याच्या मनाची तयारीच नव्हती. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

त्यात वेगाचाही फरक आहे. धुरातलं निकोटीन फुफ्फुसातून १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचं गालाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू झिरपतं, त्याला २०-३० मिनिटं लागतात. म्हणून नुसत्या गमवर असाल तर तलफ आल्यावर तो शोधण्यात अर्थ नाही, पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक असा तो घ्यायचा असतो, आणि दिवसाला २४ च्या वर जायचं नाही.

बरं, नुसत्या सिगरेटी मोजून पण भागत नाही. १९८६ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात रोज सरासरी ३७ ओढणाऱ्यांना ५ वर आणलं तर ते प्रत्येक सिगरेटमधून जवळपास तिप्पट विषारी घटक आत घ्यायला लागले, म्हणजे कश लांब, खोल आणि थोटूक अगदी बोटाला चटका बसेपर्यंत. "मी आता पाचवर आलोय, मला हलका डोस द्या" म्हणणाऱ्याला म्हणूनच जरा थांबवून विचारावं लागतं. लाइट सिगरेटचंही तेच, धुरात हवा मिसळावी म्हणून फिल्टरला ठेवलेली भोकं बोटांनी झाकली जातात आणि कश मोठे होतात. बिडीवाल्याला तर कमी लेखूच नका, बिडीच्या तंबाखूत निकोटीन सिगरेटपेक्षा जास्त असतं आणि ती विझू नये म्हणून सारखी ओढत राहावी लागते.

मग डोस ठरवायचा कसा? सगळ्यात कामाचा प्रश्न एकच, सकाळी उठल्यावर पहिली कधी पेटवता? निकोटीन दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं, त्यामुळे सकाळपर्यंत रक्तातलं बरंचसं संपलेलं असतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला लागतेच त्याला ४ एमजीचा गम, त्यानंतर ओढणाऱ्याला २ एमजीचा. पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी, लावायचा असेल आणि रोज दहापेक्षा जास्त ओढत असाल तर २१ एमजीपासून सुरुवात, तो सहा आठवडे, मग दोन-दोन आठवडे १४ आणि ७. जास्त ओढणाऱ्यांना पॅच आणि वर तलफेपुरता गम असं दोन्ही मिळून एकट्या कशाहीपेक्षा चांगलं लागू पडतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. लोक घाबरतात की दोन्हीकडून निकोटीन गेलं तर काय होईल. अहो, निकोटीनची सवय लागते हे खरं, पण कॅन्सर होतो तो धुरातल्या डांबराने, हृदयाला त्रास देणारा कार्बन मोनॉक्साइडही धुरातलाच, आणि पॅच-गमने रक्तातली पातळी सहसा सिगरेटइतकी चढत पण नाही. गरोदर बायका, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि अठराच्या आतली मुलं, यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घ्यायचं नाही.

चघळायची पद्धत पण कुणी सांगत नाही. साध्या च्युइंगमसारखं चावत राहिलात तर निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, तिथून लिव्हर ते बरंचसं निकामी करतं, आणि वर उचक्या आणि घशात जळजळ. थोडं चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की तंबाखूचा बार धरतो तसं गालात धरून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक नको, आंबट तोंडात निकोटीन शोषलंच जात नाही. आपले लोक तंबाखूला चुना लावतात तो उगाच नाही, चुन्याने ते पटकन लागतं.

आता मुद्द्याचं. २ एमजीचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ एमजीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, म्हणजे ज्याला जास्त गरज त्यालाच जास्त खेटे. २०२२ मध्ये केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटीन आलंय, मग ते दोन्ही ताकदीत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात का नसावं? आणि कंपन्यांनी माहितीचा कागद मराठीत आणि डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात द्यावा. माझ्या व्यवसायबंधूंनाही हात जोडून विनंती आहे की स्ट्रिप फाडून देण्याआधी तो सकाळचा प्रश्न विचारा, अर्धं मिनिट लागतं.

ज्यांना दुकानात विचारायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट लागतो. फोन कराल तेव्हा रोज किती ओढता एवढंच सांगून थांबू नका, पहिली कधी आणि कश कसे, तेही सांगा.

आपला,
एक फार्मासिस्ट, सांगली