आईचं रात्रीचं उठणं आम्हाला उशिरा कळलं

मा. संपादक,

आमची आई डिचोलीच्या घरात एकटीच राहायची, मी पणजीला नोकरीला आणि भाऊ जहाजावर. पहाटे तीनला उठून मागचं दार उघडायचं, तुळशीला पाणी घालायचं आणि दार तसंच उघडं टाकून परत झोपायचं, असं रोज चाललेलं हे शेजारच्या काकींनी सांगितलं तेव्हा कळलं, तोवर डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, बराच पुढे गेलेला. फोनवर मात्र ती एकदम नीट बोलायची हो!

अमेरिकेत ओरेगॉनच्या विद्यापीठात घरात साधे मोशन सेन्सर लावून हा आजार लवकर ओळखण्यावर बरीच वर्षं काम चाललंय. कॅमेरा नाही, अंगाच्या उष्णतेवरून फक्त हालचाल टिपतात. चालणं हळूहळू मंदावलं, रात्रीच्या फेऱ्या वाढल्या असं दिसलं की तपासणीला न्यायचं, निदान अर्थात डॉक्टरच करणार.

२०११ च्या जनगणनेतच गोव्यात साठीच्या वरचे ११ टक्क्यांहून जास्त होते, आणि कितीतरी घरांतली पोरं बाहेर. आरोग्य खात्याने एखाद्या तालुक्यात तरी हे करून बघावं, पण त्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारूनच.

– एक वाचक, डिचोली