मूर्तीची पाठही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ग्रीक-रोमन शिल्पांवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. पण पानभर संगमरवर आणि मातीच्या मूर्तींना शेवटी जेमतेम दीड ओळ! आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साच्यात माती दाबण्याचं काम चालतं, म्हणून हे जरा लागलं.

ग्रीसमध्ये तानाग्रा नावाचं गाव आहे. १८७० नंतर तिथल्या जुन्या थडग्यांतून वीतभर उंचीच्या मातीच्या बायका मोठ्या संख्येने निघाल्या. अंगभर वस्त्र लपेटलेल्या, कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या डोक्यावर टोपी. बहुतेक इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या. पुढचा भाग साच्यातून काढायचा, मागचा वेगळा करायचा, सांधा ओल्या मातीने बुजवायचा. डोकं बऱ्याचदा वेगळं बसवायचं. तेवढं बदललं, हात जरा वळवला की गिऱ्हाइकाला नवी मूर्ती. (गणपतीत आम्ही दुसरं काय करतो?) आतून पोकळ आणि पाठीला भोक, नाहीतर भट्टीत फुटणार. पांढऱ्या मातीचा लेप भाजण्याआधी द्यायचा, रंग नंतर. त्यामुळे बरेचसे झडले. संगमरवरी देवही रंगवलेलेच असत. हे तरी लेखात यायला हवं होतं.

हा दुजाभाव तसा जुनाच. अथेन्सच्या इसॉक्रॅटिस नावाच्या वक्तृत्वाच्या गुरूने तक्रार केली होती की, मला कोर्टाचे कागद लिहिणारा म्हणणं म्हणजे अथेना देवीची मूर्ती घडवणाऱ्या फिडियसला मातीच्या बाहुल्या करणारा म्हणण्यासारखं आहे. आणि ग्रीसमधल्याच ऑलिंपियात त्याच फिडियसच्या कारखान्याचं उत्खनन झालं, तेव्हा निघाले काय, तर मातीचे साचे!

ग्रीसला जायला नको. बार्शीच्या पलीकडे तेर आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आम्ही कुंभार जातोच. त्याच गावात लामतुरे संग्रहालय आहे. तिथे सातवाहन काळातल्या दुहेरी साच्याच्या पोकळ मृण्मूर्ती आहेत. ही रीत रोमच्या व्यापारातून आली, असं अभ्यासक म्हणतात. आली असेलही, हात इथल्याच कुंभाराचे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात तगरहून, म्हणजे तेरहून, गाड्यांनी भडोचला कापड जात असल्याची नोंद आहे. तेरचीच एक हस्तिदंती बाई पाहा. तिच्यासारखीच दुसरी १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सोलापूरच्या शाळांच्या सहली तेरला गेल्या, तर मुलांना हे सगळं एका दिवसात दिसेल.

माझी विनंती एवढीच. तेरवर पानभर लेख द्या आणि फोटो काढणाऱ्याला सांगा, मूर्ती वळवून पाठीचाही एक फोटो घे. सांधा कुठे जुळवला, बोट कुठे फिरलं, हे तिथेच कळतं.

आपला,
एक मूर्तिकार,
कुंभार वेस, सोलापूर