बाबा, दुसरा कोर्स घ्याच

प्रिय आई-बाबा,

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात ना की चार डोस घेऊनही लस लागली नाही म्हणजे आता या शरीरात काही राम राहिला नाही, ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. रिपोर्टमध्ये हेपॅटायटिस बीच्या अँटीबॉडी 6 आल्यात, 10 च्या वर हव्या असतात, एवढंच त्या कागदावर आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. निरोगी तरुण माणसांत शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना ही लस लागते, डायलिसिसवरच्या लोकांत हे प्रमाण बरंच खाली येतं, कितीतरी ठिकाणी निम्म्याच्या आसपास. म्हणजे तुमच्या बाजूच्या बेडवर जे काका असतात त्यांचाही रिपोर्ट असाच आला तर नवल नाही.

कारण किडनी बंद पडली की रक्तात जी घाण साठते ती डायलिसिसने पूर्ण जात नाही, आणि तिच्यामुळे लस ओळखून इतर पेशींना कामाला लावणाऱ्या पेशी सुस्तावतात, टी-सेल (शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी) नीट जाग्या होत नाहीत आणि मग अँटीबॉडी कमी बनतात, ज्या बनतात त्याही लवकर उतरतात. वय, डायबिटीस, अंगात प्रोटीन कमी असणं, हे सगळं त्यात भर घालतं. म्हणूनच तर तुम्हाला नेहमीच्या 20 ऐवजी 40 मायक्रोग्रॅमचा डोस देतात. खरं तर किडनी पूर्ण जायच्या आधीच ही लस दिली तर जास्त चांगली लागते, आणि हे प्रत्येक किडनी पेशंटला वेळेवर सांगायला हवं असं मला फार वाटतं.

कोविडच्या लसीचंही असंच दिसलं होतं, दोन डोसनंतर डायलिसिसवरच्या बऱ्याच जणांच्या अँटीबॉडी कमी बनल्या आणि लवकर घटल्या, पण तिसऱ्या डोसनंतर खूप जणांच्या चांगल्या वाढल्या. म्हणजे शरीर ऐकतं बाबा, त्याला पुन्हा सांगावं लागतं.

म्हणून दुसरा कोर्स, म्हणजे लसीचे सगळे डोस पुन्हा एकदा, घ्याच. हेपॅटायटिस बीचा व्हायरस शरीराबाहेर, नुसत्या टेबलावर किंवा मशीनवरसुद्धा 7 दिवस जिवंत राहू शकतो आणि तुम्ही आठवड्यातून तीनदा तिथे जाता, त्यामुळे हे टाळण्यासारखं नाहीच. इंजेक्शन दंडातच घ्या, कमरेत नको, आणि फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या, हातात तर मुळीच नाही. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी परत टायटर, म्हणजे अँटीबॉडीची तपासणी, करायला सांगा, आणि 10 च्या वर गेलं तरी दरवर्षी तपासायचं, खाली आलं की बूस्टर.

आई, तुझ्यासाठी एक, डोस दिल्यावर लगेच कुणी हेपॅटायटिसची तपासणी केली आणि पॉझिटिव्ह आली तर घाबरू नकोस, लसीमुळेच काही दिवस तसं दिसू शकतं, फक्त डोसची तारीख त्यांना सांग. आणि फ्लूची लस दोघंही दरवर्षी घ्या, तू घेतलीस की बाबांनाही तेवढं संरक्षण.

पुढच्या डायलिसिसला डॉक्टरांना दुसऱ्या कोर्सच्या तारखा विचारा आणि मला लगेच कळवा, मी मोबाईलवर रिमाइंडर लावून ठेवते.

तुमची,
मनू